घरी येर्बा माते: पाकीट फोडण्यापासून चोथा टाकेपर्यंत

येर्बा माते हे दक्षिण अमेरिकेतले, नळीने प्यायचे पानांचे पेय. ते पहिल्यांदा करणारा माणूस हमखास चहाच्या सवयीने जातो. पाण्याला आधण येऊ देतो, ते तसेच पत्तीवर ओततो, नळीने चांगले ढवळतो आणि एका घोटात तोंड वाकडे करून भांडे बाजूला सारतो. मग अर्धा किलोचे महागडे पाकीट वर्षभर फडताळात पडून राहते. पत्तीचा त्यात काही दोष नसतो. चहात सगळी पत्ती एकदम भिजवून, अर्क उतरवून चोथा फेकायचा असतो. इथे पत्ती भांड्यातच राहते आणि ती थोडी थोडी भिजवत तासभर पुरवायची असते. खाली दिलेल्या बहुतेक पायऱ्या याच एका कामासाठी आहेत: कोरडी पत्ती जमेल तितका वेळ कोरडी ठेवणे.

येर्बा म्हणजे आयलेक्स पाराग्वारिएन्सिस या सदाहरित झाडाची पाने. चहाच्या झाडाशी त्याचे नाते नाही, पण कॅफीन यातही असते. अर्जेंटिनाचा मिसियोनेस प्रांत आणि शेजारच्या कोर्रिएन्तेसचा ईशान्य भाग, पाराग्वे आणि दक्षिण ब्राझील, एवढ्याच पट्ट्यात ते पिकते. मूळ पिणारे तिथले आदिवासी ग्वारानी लोक; पुढे जेझुइट मिशनऱ्यांनी त्याच्या बागा लावल्या. तोडलेली पाने काही सेकंद ज्वाळेतून काढतात, वाळवतात, भरड कुटतात. अर्जेंटिनात ती नंतर कित्येक महिने मुरत ठेवतात, म्हणून तिथली येर्बा फिकट, पिवळसर हिरवी आणि चवीला मुरलेली असते. ब्राझीलमधल्या मातेला शिमार्राओ म्हणतात; त्याची पत्ती ताजी, पोपटी आणि जवळजवळ पिठासारखी असते.

१. आधी हे जमवा

- येर्बा, अर्धा किलो. एका बैठकीला ४०-४५ ग्रॅम धरले तर अकरा-बारा बैठका होतात.
- तुंबा, म्हणजे प्यायचे भांडे. १५० ते २०० मिलिलिटरचा पुरे.
- बोंबिया, म्हणजे खालच्या टोकाला गाळणी असलेली धातूची नळी. लांबी १५ ते १८ सेंटिमीटर.
- थर्मास, पाऊण ते एक लिटरचा. बारीक धार पडेल असा.
- स्वयंपाकाचा थर्मामीटर. नसला तरी अडत नाही, उपाय पुढे आहे.
- वाटीभर कोमट पाणी आणि एक फडके.

‘स्टार्टर किट’ म्हणून एकत्र मिळणाऱ्या संचात बहुधा नळी सुमार असते. पैसे घालायचेच असतील तर नळीत घाला, तुंब्यात नको.

२. कोणती येर्बा घ्यायची

पाकिटावर ‘कोन पालो’ असेल तर त्यात पानांबरोबर काड्याही आहेत. नवख्याने हीच घ्यावी. काड्यांमुळे पत्तीत पोकळी राहते, पाणी नीट फिरते, नळी कमी तुंबते आणि कडवटपणाही कमी होतो. ‘सिन पालो’ किंवा ‘देस्पालादा’ म्हणजे काड्या काढून टाकलेली. ही जास्त कडक. उरुग्वेत प्यायली जाणारी, बहुतेक ब्राझीलहून येणारी पत्ती बारीक, भुकटीदार आणि जोरकस असते. कानारिआस हा त्यातला प्रसिद्ध ब्रँड. ती आणि शिमार्राओ पहिल्या पाकिटासाठी नकोत. हात बसल्यावर जरूर घ्या.

अर्जेंटिनाच्या ब्रँडांत प्लायादितो सौम्य, तारागुई मध्यम आणि रोसामोन्ते जोरकस व धुरकट, असा ढोबळ हिशेब धरा. धुराचा वास वाळवण्याच्या पद्धतीतून येतो. तो नको असेल तर धुराशिवाय वाळवलेली, तसे पाकिटावर लिहिलेली पत्ती मिळते. धुरातून पानांवर काही घातक संयुगेही बसतात, त्यामुळे रोज पिणाऱ्याने तीच बघावी. संत्रे, पुदिना वगैरे घातलेली मिश्रणे सुरुवातीला टाळा, कारण चव बिघडली तर ती पत्तीने, पाण्याने की मसाल्याने, हेच कळत नाही.

ऑनलाइन मागवताना मुदतीची तारीख विचारून घ्या. पाकीट फोडल्यावर पत्ती घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून आणि मसाल्यांच्या डब्यांपासून लांब ठेवा. ती दमट हवा आणि वास दोन्ही चटकन ओढून घेते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत उघडे पाकीट रबर लावून ठेवले तर ते महिनाभरातच शिळे लागू लागते.

३. तुंबा: भोपळ्याचा की स्टीलचा

पारंपरिक भांडे वाळलेल्या भोपळ्याचे असते, आणि ज्या वेलाला आपल्याकडे दुधी लागतो तोच हा वेल, लॅजेनारिया सिसेरारिया. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांचे भोपळेही याच जातीचे. म्हणून घरीच एखादा दुधी वाळवावा असे मनात आले तर थांबा. मंडईतल्या कोवळ्या दुधीचे हे काम नाही. फळ वेलावरच पूर्ण पिकून, जाड सालीचे होऊन वाळावे लागते. शिवाय कडू निघालेल्या दुधीतला गर विषारी असू शकतो, आणि तो आतून पूर्ण निघाल्याची खात्री घरी करता येत नाही. हस्तकलेच्या दुकानातले रंगवलेले, व्हार्निश मारलेले तुंबे तर अजिबात नकोत. खास पिण्यासाठी केलेलाच घ्या.

भोपळ्याच्या तुंब्यात चव मुरते आणि हातात धरायला तो बरा वाटतो, हे खरे. पण त्याला रोज वाळवावे लागते, आणि दमट हवेत त्याला बुरशी धरतेच. किनारपट्टीवर राहत असाल तर दुहेरी भिंतीच्या स्टीलचा किंवा चिनी मातीचा घ्या. काचेचाही चालतो, पत्ती कुठवर भिजली ते बाहेरून दिसते, त्यामुळे शिकायला तो सर्वांत सोयीचा. घरात जाड बुडाचा छोटा कप असेल तर पहिले पाकीट त्यावरही निभेल. एकेरी पत्र्याचा स्टीलचा पेला मात्र हाताला चटका देतो आणि पाणी लवकर निववतो.

४. बोंबिया कशी निवडायची

स्टेनलेस स्टीलची, आणि खालची गाळणी निघून साफ करता येईल अशी घ्या. मुलामा दिलेल्या स्वस्त नळ्यांचा थर काही महिन्यांत उडतो आणि तोंडाला धातूची चव येते. गाळणीचे दोन प्रकार साधारण दिसतात: चमच्यासारखी चपटी, बारीक भोकांची, आणि स्प्रिंग गुंडाळलेली. काड्यांच्या पत्तीला दोन्ही चालतात. भुकटीदार पत्तीला भोके फार बारीक लागतात. घरी आणल्यावर पाण्यात बुडवून ओढून पाहा. पाणी सहज यायला हवे आणि मधल्या सांध्यातून हवा शिरता कामा नये.

५. नवा भोपळ्याचा तुंबा मुरवणे

स्टील, काच, चिनी माती यांना हे लागत नाही. ते साबणाने धुतले की झाले.

भोपळ्याचा तुंबा कोमट पाण्याने विसळा. वापरलेली ओली येर्बा (नसेल तर नवी) तोंडापर्यंत भरा, त्यावर गरम पण न उकळलेले पाणी घाला आणि २४ तास ठेवा. भोपळा पाणी पितो, म्हणून मध्ये एक-दोनदा भर घालावी लागते. दुसऱ्या दिवशी चोथा काढून आतले सुटे पापुद्रे चमच्याने हलकेच खरवडा. बुडाशी देठाची एक गाठ असते, तिला हात लावू नका. ती उखडली की तुंबा तिथूनच गळतो. हे सगळे आणखी एकदा करा. मग तुंबा आडवा ठेवून हवेशीर सावलीत वाळवा. कडक उन्हात त्याला चीर जाते. लाकडी तुंब्याला पाण्याऐवजी आतून लोणी चोळून एक दिवस ठेवतात.

६. पाणी

७० ते ८० अंश सेल्सिअस. सुरुवात ७०-७५ वर करा, पत्ती फिकी पडू लागली की ८० पर्यंत जा. उकळते पाणी पत्तीतला सगळा कडूपणा पहिल्या दोन घोटांतच ओढून काढते आणि पुढे उरतो तो फिका, जळकट चोथा.

थर्मामीटर नसेल तर मापाने चाला. दोन भाग उकळते पाणी आणि एक भाग साधे पाणी मिसळले की सुमारे ७५ अंश होते. तीनास एक घेतले तर ८० च्या आसपास. पातेल्यातच तापवत असाल तर तळाशी बारीक बुडबुडे धरून पाणी सूं आवाज करू लागले की गॅस बंद करा. मोठे बुडबुडे वर येऊ लागले म्हणजे उशीर झाला. आपल्याकडच्या साध्या इलेक्ट्रिक किटल्या उकळी आल्याशिवाय बंद होत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मिसळण्याचीच युक्ती बरी. बोअरवेलचे जड पाणी असेल तर फिल्टरचे घ्या. क्षार नळीच्या भोकांत बसतात आणि चवही दबते.

तापमानाला आणखी एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेये ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकली, ती अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या संदर्भात. कमी गरम प्यायलेले माते त्या गटात नाही. नळीने पिताना गरम पाणी ओठांवर न रेंगाळता थेट घशाकडे जाते, त्यामुळे चटका उशिरा कळतो. पाणी ओतल्यावर थोडे थांबा आणि पहिला घोट अगदी लहान घ्या.

७. तुंबा भरणे

पेयाची चव इथे ठरते. घाई असेल त्या दिवशी करू नका.

(क) तुंबा दोन-तृतीयांश भरेल इतकी कोरडी येर्बा घाला. २०० मिलिलिटरच्या तुंब्याला ती ४०-४५ ग्रॅम होते, १२० च्या छोट्याला २५-३० ग्रॅम. काटकसर म्हणून निम्मीच घालणे ही नेहमीची चूक आहे. पत्ती कमी असली की तिचा एका भिंतीला टेकलेला उतार उभा राहत नाही आणि सगळी एकदम भिजते.

(ख) तोंडावर तळहात ठेवून तुंबा उलटा करा आणि पाच-सहा वेळा हलवा. बारीक भुकटी वर हाताला चिकटते, तेवढी झटका. चाळणीने सगळी भुकटी काढायला जाऊ नका. फेस आणि बरीचशी चव तिच्यामुळे असते. फक्त ती नळीच्या भोकांशी बसायला नको.

(ग) तुंबा आडवा धरून हळूच परत सरळ करा, पण पूर्ण नाही, ४५ अंशांवर थांबा. पत्तीचा ढीग एका भिंतीला टेकलेला हवा आणि समोरच्या बाजूला खोलगट जागा हवी.

(घ) त्या खोलगट जागेत कोमट पाणी घाला, ४०-५० अंशांचे. उतारावर नको, पायथ्याशी. जेमतेम तिथली पत्ती बुडेल इतकेच. तुंबा तसाच तिरका धरून दोन मिनिटे थांबा. पाणी आत शिरते, पत्ती फुगते आणि बांध घातल्यासारखी घट्ट होते. ही पायरी गाळली तर पुढचे गरम पाणी कोरडी भुकटी उचलून थेट गाळणीत नेऊन बसवते. नळी तुंबण्याच्या बहुतेक तक्रारी इथूनच निघतात.

(च) बोंबियाच्या वरच्या तोंडावर अंगठा दाबून ती ओल्या बाजूने, भिंतीलगत बुडापर्यंत सरकवा. अंगठ्यामुळे आत हवा कोंडते आणि भुकटी शिरत नाही. नळी टेकली की अंगठा काढा. आता तिला हात लावायचा नाही. ढवळायचे नाही, फिरवायचे नाही, ‘जरा बघू’ म्हणून वर काढायचे तर मुळीच नाही.

८. ओतणे आणि पिणे

थर्मासमधले पाणी नळीच्या पायथ्याशी, बारीक धारेने, जवळून ओता. उंचावरून ओतलेली धार उतार फोडते. पाणी उताराच्या माथ्याच्या बोटभर खाली थांबवा. माथा कोरडाच दिसायला हवा. नीट जमले तर वर पांढरट-हिरवा फेस येतो.

एका वेळी ३० ते ५० मिलिलिटरच बसते. ते सुर्र आवाज येईपर्यंत संपूर्ण प्या. अर्धवट ठेवले तर पाणी निवते आणि पुढची खेप कडवट होते. पहिली खेप सर्वांत जोरकस असते, नाही आवडली तर ती टाकून द्या, त्यात गैर काही नाही. दुसरी-तिसरी खेप खरी चव देते.

पुढे प्रत्येक वेळी त्याच जागी ओता. सहा-आठ खेपांनंतर चव उतरू लागेल, तेव्हा धार उताराकडे किंचित सरकवून कोरड्या पत्तीची एक कड भिजवा. असे करत करत उतार खायचा. तो जवळजवळ संपला की एकदाच, काळजीपूर्वक, नळी समोरच्या बाजूला हलवता येते. ४५ ग्रॅम पत्तीत पाऊण लिटर पाणी आरामात निघते. पत्ती तरंगू लागली, फेस येईना आणि घोट नुसता गरम पाण्यासारखा लागला की थांबा.

साखर घालायची असेल तर थोडी, नळीच्या पायथ्याशी, प्रत्येक खेपेला. मात्र साखरेचा तुंबा वेगळा ठेवा. भोपळ्यात एकदा साखर मुरली की ती निघत नाही. मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात. संत्र्याच्या सालीचा तुकडा पत्तीत खोचला तर कडूपणा बराच मवाळ होतो, आणि माझ्या मते साखरेपेक्षा तो मार्ग चांगला.

९. बिघडले तर

*ओढूनही काही येत नाही.* नळी तुंबली आहे. आत हलकेच फुंका. सुटली नाही तर नळी काढा, धुवा, अंगठा लावून त्याच खड्ड्यात पुन्हा घाला. जोर लावून ओढत राहिलात तर भुकटी आणखी घट्ट बसते.

*तोंडात भुकटी येते.* गाळणी पत्तीच्या मानाने भरड आहे, किंवा नळी सतत हलवली जाते.

*तिसऱ्याच खेपेला फिके झाले.* पाणी फार गरम, किंवा पहिल्याच धारेत सगळी पत्ती भिजली.

*सुरुवातीपासून फिके.* पत्ती कमी किंवा शिळी. कधी कधी नळी बुडाला टेकलेली नसते आणि वरवरचे पाणीच ओढले जाते.

*मातीसारखा, कुबट वास.* तुंबा ओला राहिला. त्याची वाट कलम ११ मध्ये आहे.

१०. चारचौघांत पिताना

अर्जेंटिनात आणि उरुग्वेत एकच तुंबा सगळ्यांत फिरतो. भरून देणारा एकच, त्याला सेबादोर म्हणतात. पहिली खेप तोच पितो, कारण ती सर्वांत कडू आणि कोमट असते. पाहुण्याच्या हाती ती द्यायची नसते. मग तो भरून एकाला देतो, तो संपवून परत देतो, पुढचा. तुंबा हातात घेऊन गप्पा मारत बसणे रीतीला धरून नाही. दुसऱ्याच्या तुंब्यातली नळी हलवणे त्याहून वाईट. आणि मध्येच ‘ग्रासियास’ (धन्यवाद) म्हणालात तर ‘मला पुरे’ असा अर्थ घेतला जातो. पुढची फेरी तुम्हाला वगळून जाते.

एकाच नळीने सर्वांनी पिणे आपल्या घरांत उष्ट्याच्या हिशेबाने पटायचे नाही. संकोच करू नका, प्रत्येकाला वेगळा तुंबा द्या. २०२० च्या साथीत खुद्द अर्जेंटिनातही आपापला तुंबा वापरा, असेच सांगितले गेले. सीरिया आणि लेबनॉनमध्येही माते खूप पितात, आणि तिथे बहुधा छोट्या काचेच्या पेल्यांत.

११. धुणे आणि वाळवणे

संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत चोथा काढा. रात्रभर तसाच ठेवलेला तुंबा दुसऱ्या दिवशी आंबूस वास देतो. भोपळा फक्त पाण्याने विसळा, साबण नको. तो साबणाचा वासही पितो. फडक्याने पुसून आडवा किंवा तिरका ठेवा. पूर्ण पालथा घातला तर आत हवा खेळत नाही. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा आणि दोन तुंबे आलटून-पालटून वापरा. आत पांढरे किंवा हिरवे ठिपके वरवर दिसले तर खरवडून, गरम पाण्याने धुऊन, खडखडीत वाळवून पुन्हा मुरवा. काळी बुरशी किंवा न जाणारा वास असेल तर टाकून द्या, जीव अडकवू नका.

नळी रोज गाळणी उघडून धुवा. पंधरा दिवसांतून एकदा चमचाभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटे उकळा आणि बारीक ब्रशने घासा. चोथा कुंडीत किंवा खतात घाला.

१२. उन्हाळ्यासाठी, आणि नळीच नको असणाऱ्यांसाठी

पाराग्वेचे तेरेरे म्हणजे हीच पत्ती थंड पाण्याने. भरण्याची रीत तीच, पण सुरुवातीचे भिजवणेही गार पाण्याने आणि पाच मिनिटे. नंतर बर्फाचे पाणी. तिथे पाण्यात औषधी वनस्पती कुटून घालतात, आणि ही परंपरा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. पुदिना आणि आपला गवती चहा दोन्ही पाराग्वेत घालतात, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात सामान शोधत फिरायची गरज नाही. थंड पाण्यात कडूपणा कमी उतरतो. ज्यांना गरम माते झेपत नाही त्यांना हे बहुधा आवडते.

माते कोसीदो त्याहून सोपे. कपाला एक सपाट चमचा पत्ती, पाणी उकळीला येताच गॅस बंद, तीन मिनिटे झाकण, मग गाळणे. यात दूध-साखर चालते. अर्जेंटिनात मुलांना असेच देतात. चहाची सवय असलेल्या घरात पत्तीची ओळख करून द्यायला हेच ठीक.

१३. किती प्यायचे

एका पूर्ण बैठकीत दोन-तीन कप कॉफीइतके कॅफीन सहज पोटात जाते, आणि ते हळूहळू जात असल्याने लक्षात येत नाही. दिवसाला एक तुंबा पुरे, तोही दुपारी चारच्या आत. रिकाम्या पोटी आम्लपित्त उसळते, सोबत काहीतरी खा. गरोदरपणी, हृदयाचे ठोके अनियमित असल्यास किंवा झोपेची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. या पत्तीतली द्रव्ये अन्नातले लोह शोषू देत नाहीत, म्हणून जेवण किंवा लोहाची गोळी आणि माते यांत तासभराचे अंतर ठेवा.